सुनेचं भंगार

आमच्या घरात आजवर एकदाही चोरी झालेली नाही, आणि याचं सगळं श्रेय सासूबाई स्वतःकडे घेतात. चोर का आला नाही, याची माझ्याकडे साधी कारणं आहेत. घरात नेण्यासारखं काही नव्हतं आणि गल्ली इतकी अरुंद होती की चोराला पळताही आलं नसतं. पण सासूबाईंच्या मते चोर येऊन गेलाच असणार. त्याने डबे वाचले असणार आणि हात हलवत परत गेला असणार.

कारण आमच्या घरातल्या कुठल्याही डब्यावर खरं लिहिलेलं नसतं. 'साखर' लिहिलेल्या डब्यात मीठ असतं, 'मीठ' लिहिलेल्यात चहापत्ती, आणि 'चहा' लिहिलेल्यात विजेची बिलं. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना मिठाचा चहा पाजला होता. सासरे तेव्हा हयात होते. त्यांनी तो मुकाट्याने संपवला आणि कप धुवून ठेवला. त्यांची सवय दांडगी होती.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमचं महानगरात येणं, आणि ते येणं माझ्यामुळे होतं.

मी टॉवर क्रेन चालवते. उंच खांबावरच्या काचेच्या खोलीत बसायचं, डाव्या हाताने क्रेनचा आडवा हात फिरवायचा, उजव्या हाताने ओझं लटकवायचा आकडा वर-खाली करायचा, आणि खाली ठिपक्याएवढा दिसणारा इशारेवाला वायरलेसवर काय बडबडतो ते नीट ऐकायचं. आमच्या गावात एकच क्रेन होती, दगडांच्या कारखान्यात, आणि अकरा वर्षं ती मी चालवली. मग कारखाना बंद पडला. मालकाने जाता जाता कुठेतरी माझ्याबद्दल चांगला शब्द टाकला असावा, कारण महिन्याभरात महानगरातल्या एका बांधकामावरच्या इंजिनिअरचा फोन आला.

"सोमवारी सकाळी आठला या," इंजिनिअर म्हणाला. "मूळ परवाना आणा. झेरॉक्स चालणार नाही. मूळ परवाना नसेल तर येऊच नका, माझ्याकडे दुसरा ऑपरेटर तयार आहे."

परवान्याची दुसरी प्रत काढायची तर तीन महिने लागतात. म्हणजे तो कागद सोमवारी आठ वाजता माझ्या हातात असणं भाग होतं. भाड्याचं घर आम्ही सोडलं होतं, नवऱ्याने त्याचं काम सोडलं होतं, लेकीचं शाळेतून नाव काढलं होतं. परत जायचं ठरवलं असतं तरी जायला घर उरलं नव्हतं.

नवऱ्याचं काम म्हणजे लोकांची घरं हलवायची. खोके बांधायचे, ट्रकमध्ये रचायचे, नव्या घरात उतरवायचे. घरी तो लोण्यासारखा मऊ माणूस आहे, पण हातात चिकटपट्टी आली की त्याचा हेडमास्तर होतो. त्याच्या धंद्यात एकच नियम: लेबल म्हणजे लेबल. लेबलावर लिहिलंय ते करायचं, खोका उघडायचा नाही. खोका उघडून बघणारा हमाल आणि पत्र उघडून वाचणारा पोस्टमन, दोघांनाही घरी बसवलं पाहिजे, असं तो म्हणतो.

त्यामुळे बांधाबांध सुरू व्हायच्या आधी त्याने आईला समोर बसवलं.

"आई, या वेळी खरं लिहायचं. एक्केचाळीस खोके आहेत. माझी अब्रू आहे यात."

"मी काय खोटारडी आहे का?" सासूबाई म्हणाल्या.

"शब्द दे."

"दिला." आणि त्या मार्कर घेऊन बसल्या.

माझा परवाना माझ्या कपाटाच्या खणात असायचा. निघायच्या आदल्या दिवशी बघते तर खण रिकामा. "आई, माझा परवाना कुठे ठेवलात?" मी विचारलं. ट्रकचा ड्रायव्हर दारात पाणी पीत उभा होता. सासूबाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कसला परवाना?" वर डोळे असे मोठे केले की मी समजले, नीट ठेवलाय. डोक्याला तेव्हा इतके ताप होते की मी तेवढ्यावर सोडून दिलं. तिथेच मी चुकले, पण ही माझी मोठी चूक नव्हे. मोठी पुढे आहे.

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो. बावीस मजल्यांची इमारत, एका मजल्यावर चार दारं. आमचं घर अकराव्या मजल्यावर. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, ज्यात एक माणूस आत गेला तर दुसऱ्याने आधी विचारून जावं. नवरा हातगाडीवर खोके चढवून लिफ्टने आणत होता. सासूबाई स्वयंपाकघरात उभ्या राहून आलेल्या खोक्यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा देत होत्या. लेक, जिला आम्ही टिचकी म्हणतो, नऊ वर्षांची, खोके मोजत होती. तिसाव्या खोक्यानंतर उभं राहायलाही जागा उरली नाही. चाळिसाव्या खोक्यानंतर आम्ही एकमेकांशी बोलायचं बंद केलं.

मग एक्केचाळिसावा आला. नवरा तो दाराबाहेरच घेऊन थांबला होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता. बाकी सगळ्या खोक्यांवर एकेक शब्द होता, भांडी, पुस्तकं, चादरी. या खोक्यावर ठळक, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सुनेचं भंगार. बिनकामाचं. फेकून द्या.

मी ते दोनदा वाचलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. बारा वर्षं या बाईंबरोबर एका घरात काढली. त्यांच्या गुडघ्यांना तेल मी चोळलं, त्यांचा चष्मा दर आठवड्याला मी शोधून दिला. आणि माझ्यासाठी सगळ्या खोक्यांमधली सर्वांत लांबलचक चिठ्ठी, तीही अशी. मला रडू आलं असतं, पण मला रडण्याऐवजी राग येतो.

"काय करायचं?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"काय लिहिलंय?"

"फेकून द्या, असं लिहिलंय."

"मग फेका."

"अगं, एकदा उघडून..."

"लेबल म्हणजे लेबल ना? फेका म्हटलं ना मी."

त्याने खोका पुन्हा हातगाडीवर चढवला. तळमजल्यावर एक खोली होती, तिथे रहिवासी नको असलेलं सामान ठेवायचे. तो खोका तिथे ठेवून आला. खोटं कशाला बोलू, पुढची दहा मिनिटं मला फार बरं वाटलं.

रविवारी सकाळी खोके उघडायला घेतले. 'भांडी' लिहिलेल्या खोक्यात चपला निघाल्या. 'पुस्तकं' लिहिलेल्यात उशा. 'चादरी' हा खोका नवऱ्याने प्रेमाने जमिनीवर आपटला आणि आतून सगळ्या बशांचा एकदम आवाज आला. तो तसाच उकिडवा बसून राहिला. वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून कप फुटला नव्हता.

"आई, तू मला शब्द दिला होतास," तो म्हणाला.

"तुला दिला होता," सासूबाई म्हणाल्या. "चोराला कुठे दिला होता?"

दुपारपर्यंत चाळीस खोके उघडून झाले. सगळं काही मिळालं, मेलेलं घड्याळसुद्धा मिळालं, पण परवाना नाही. मी सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. "आई, माझा परवाना कुठल्या खोक्यात आहे?"

नेमका तेव्हा इमारतीचा केअरटेकर आमच्या मोरीचा नळ दुरुस्त करायला आला होता. त्याचं डोकं बेसिनखाली होतं, फक्त पाय दिसत होते. सासूबाईंनी त्या पायांकडे बघितलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

"आई, उद्या आठ वाजता लागणार आहे तो."

"आज हवा बरी आहे नाही?" सासूबाई म्हणाल्या.

तो माणूस पाऊण तास बेसिनखाली होता. पाऊण तास आम्ही हवेवर बोललो. हवेबद्दल एवढं बोलण्यासारखं असतं हे मला माहीत नव्हतं. शेवटी तो गेला. सासूबाईंनी दार लावलं, खिडकी लावली, पडदा ओढला, नळ सोडला म्हणजे बाहेर आवाज जायला नको, आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "त्या ज्यावर तुझं भंगार म्हणून लिहिलंय ना, त्यात आहे. चोर कशाला उघडतोय सुनेचं भंगार?"

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे. टिचकीने आमच्या दोघांकडे बघितलं आणि तोंड उघडलं, तेवढ्यात नवरा म्हणाला, "तो खोका खालीच राहिला, आई. चुकून." आयुष्यात पहिल्यांदा त्याने कशाला तरी चुकीचं लेबल लावलं, आणि ते माझ्यासाठी लावलं. मी चप्पल घातली.

खाली त्या खोलीत एक तीन पायांची खुर्ची होती. बाकी काही नव्हतं. केअरटेकरने कानावर हात ठेवले. "इथलं सामान लोक घेऊन जातात. अर्ध्या बिल्डिंगचं फर्निचर याच खोलीतून गेलंय. कोणी काय नेलं, मी काय पाळत ठेवतो?"

म्हणजे दारोदार जाऊन विचारणं आलं. अठ्ठ्याऐंशी दारं, त्यातलं एक आमचं. सासूबाईंनी यालाही अट घातली. "आत काय आहे ते कुणाला सांगायचं नाही. शहर नवीन, माणसं अनोळखी. विचारलं तर म्हणायचं, चिंध्या आहेत."

"आई, चिंध्यांसाठी कोण फिरतं दारोदार?"

"म्हणून तर कुणाला संशय येणार नाही."

वाद घालायला वेळ नव्हता. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना तळमजल्यावरच्या लाँड्रीत बसवलं. लाँड्रीला काचेची भिंत होती आणि तिथून येणारा-जाणारा दिसायचा. कोणी खोका घेऊन बाहेर निघालं तर त्यांनी अडवायचं, असं ठरलं. आम्ही तिघं लिफ्टने बाविसाव्या मजल्यावर गेलो. वरून सुरुवात करून खाली यायचं, ही नवऱ्याची धंद्यातली पद्धत.

पहिल्या दारातल्या गृहस्थाला वाटलं आम्ही काहीतरी विकायला आलोय. त्याने दार लावून घेतलं आणि आतूनच सांगितलं की आमच्याकडे आहे. काय आहे, ते त्याने सांगितलं नाही. दुसरं दार एका तरुण जोडप्याचं. ते भांडत होते. त्यांनी आम्हालाच विचारलं की कोणाचं बरोबर आहे. मी बाईची बाजू घेतली, नवऱ्याने कुणाचीच घेतली नाही, आणि आम्ही पुढे निघालो. टिचकी वहीत प्रत्येक दारापुढे फुली मारत होती.

घोटाळा सुरू झाला तो विसाव्या मजल्यावर. तिथल्या एका आजींनी आमचं सगळं ऐकून घेतलं. नवी माणसं, कालच आलेली, चिंध्यांचा खोका हरवलाय, बाईचा चेहरा उतरलेला. त्या आत गेल्या आणि जुन्या पडद्यांचं एक गाठोडं आणून नवऱ्याच्या हातात ठेवलं. "घ्या. लाजू नका. आम्हीही एकेकाळी नवीनच होतो." नवरा नको नको म्हणत होता. आजींनी ऐकलं नाही.

त्यांनी शेजारी फोन केला असणार. एकोणिसाव्या मजल्यावर आम्ही पोचायच्या आधीच दोन दारं उघडी होती आणि दारात पिशव्या होत्या. फाटके टॉवेल, बाळाचे लंगोट, एका शिक्षिकेच्या नवऱ्याचे सतरा शर्ट, जे तो घरी नसताना तिने घाईघाईने दिले. अठराव्या मजल्यावर एकाने चिंध्यांबरोबर केळीही दिली. सतराव्या मजल्यापर्यंत नवऱ्याच्या हातगाडीवर नऊ पिशव्या झाल्या होत्या आणि लिफ्टमध्ये आम्हाला बघून लोक बाजूला सरकत होते. एरवी मला हसू आलं असतं. पण घड्याळात साडेचार झाले होते, आणि दारागणिक मला तो इंजिनिअर दिसत होता, दुसऱ्या ऑपरेटरला क्रेनची किल्ली देताना.

चौदाव्या मजल्यावर एक दातांची डॉक्टरीणबाई भेटली. तिने माझं पूर्ण ऐकायच्या आधीच कपाट उघडलं. "सुती चालतील ना?"

तिथे माझा बांध फुटला. "मला चिंध्या नकोत," मी म्हणाले. "चिंध्या नाहीतच त्यात. माझा क्रेनचा परवाना आहे. तो उद्या सकाळी नसला तर माझी नोकरी गेली, आणि तो मी स्वतः फेकलाय. माझ्या तोंडाने फेका म्हटलंय मी. माझ्या घरातल्या कुणी काही केलेलं नाही. मी केलंय."

नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. टिचकीने वही मिटली. डॉक्टरीणबाईने कपाटाचं दार लावलं.

"खोका साधारण एवढा?" तिने हाताने माप दाखवलं. "आज सकाळी मी कपडे द्यायला गेले होते. त्या लाँड्रीवाल्या मावशी बुटक्या आहेत ना, त्यांचा हात वरच्या मशीनला पुरत नाही. त्या एका खोक्यावर उभ्या होत्या. मी म्हटलं, अरे वा, नवीन पाट आणलात."

लिफ्ट येईना, तेव्हा आम्ही जिन्याने उतरलो. चौदा मजले, नऊ पिशव्या, एक हातगाडी. हातगाडी जिन्यावरून कशी आणली ते नवऱ्याने मला अजून सांगितलेलं नाही.

लाँड्रीत पाच-सहा माणसं कपड्यांची वाट बघत उभी होती. मध्यभागी सासूबाई बसल्या होत्या. ताठ, मांडीवर दोन्ही हात, चेहऱ्यावर ताकास तूर लागू देणार नाही असा भाव. त्या एका खोक्यावर बसल्या होत्या. त्यांच्यासमोर लाँड्रीवाल्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांच्या नाकी नऊ आले होते.

"बघा हो तुम्हीच," मावशी मला म्हणाल्या. "अडीच तास झाले. खुर्ची देते म्हटलं, नको. स्टूल देते म्हटलं, नको. माझी वरची तीन मशीनं बंद पडून आहेत. उठतच नाहीत या."

"गुडघे दुखतात," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, नजरेने खाली खोक्याकडे बघितलं, आणि परत काचेबाहेर बघायला लागल्या.

मी समजले. त्यांना पहिल्या पाच मिनिटांत खोका दिसला होता. तो उचलून 'हा माझा' असं म्हणायचं, तर इतक्या परक्या माणसांसमोर म्हणावं लागलं असतं. आणि एक म्हातारी बाई भंगाराच्या खोक्यासाठी भांडतेय म्हटल्यावर आत काय आहे ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. म्हणून त्या बसल्या. आम्ही वरती चिंध्या गोळा करत होतो आणि या खाली परवान्यावर बसून होत्या. मला त्यांचा गळा धरावासा वाटला आणि गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्ही करायला माणसं फार होती.

"आई, चला वर," मी म्हणाले.

"मला उठवत नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे बघितलं.

नवऱ्याने वीस वर्षं जड सामान हलवलं आहे. त्याने हातगाडीवरच्या पिशव्या उतरवल्या, गाडीचा पत्रा खोक्याखाली सरकवला, आईला म्हणाला, "घट्ट धर," आणि खोका आणि आई दोन्ही मिळून एकदम उचललं. लोकांनी वाट करून दिली. सासूबाई मान वर करून, कुणाकडेही न बघता, हातगाडीवरून लिफ्टपर्यंत गेल्या. टिचकीने पुढे पळत जाऊन बटण दाबून धरलं.

"अहो, पण माझा खोका," मावशी मागून म्हणाल्या. "मी कशावर उभी राहू?"

मी नऊच्या नऊ पिशव्या त्यांच्यासमोर एकावर एक रचून दिल्या. त्या चढून उभ्या राहिल्या. हात वरच्या मशीनच्याही वर पोचला.

वर आल्यावर पुन्हा दार लागलं, खिडकी लागली, पडदा ओढला गेला, नळ सुटला. सासूबाईंनी चिकटपट्टी स्वतः सोलली. मी पुढे वाकले. मला वाटलं होतं, वरती माझे जुने बूट असतील, फुटलेलं हेल्मेट असेल आणि मध्ये कुठेतरी कागद खुपसलेला असेल.

आत गच्च रचलेल्या रद्दीच्या मधोमध एक लोकरी शाल होती, चौघडी घातलेली. शालीत सासूबाईंच्या सोन्याच्या बांगड्या होत्या. सासऱ्यांचं मनगटी घड्याळ होतं. टिचकीचा पहिला पडलेला दात होता, काडेपेटीत, कापसावर. आणि या सगळ्यांच्या मध्ये, दोन पुठ्ठ्यांमध्ये, चारी बाजूंनी दोरा बांधलेला माझा परवाना. त्याच्याबरोबर आणखी एक कागद होता. गावच्या वर्तमानपत्राचं कात्रण. दहा वर्षांपूर्वी पुरात कारखान्याला लागून असलेला पूल कोसळला होता तेव्हा मी क्रेनने माणसं काढली होती, त्याची चार ओळींची बातमी. छापून आली त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "फोटो चांगला नाही आला." त्यांनी ती कापून ठेवली असेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

माझ्या खोक्यात बाकी माझं काहीच नव्हतं. घरातलं जेवढं मोलाचं होतं तेवढं त्या एका खोक्यात होतं, आणि त्यावर माझं नाव होतं.

"जितकं जपायचं, तितकं वाईट नाव द्यायचं," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर नजर जाते लोकांची."

मला फार लाज वाटली. नवरा माझ्याकडे बघून नको नको अशी मान हलवत होता, पण मला राहवलं नाही. "आई, तो खोका खाली राहिला नव्हता. मी फेकायला लावला. वर लिहिलेलं वाचलं आणि मला ते खरं वाटलं."

सासूबाईंनी बांगड्या पुन्हा शालीत गुंडाळल्या. घड्याळ कानाशी धरून बघितलं. "तुला खरं वाटलं?"

"हो."

"बारा वर्षं घरात राहून?"

"हो, आई."

"म्हणजे लेबल चांगलं जमलं होतं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा इतका खुलला की मी रडायला लागले. राग आला नाही, सरळ रडूच आलं. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "नळ बंद कर आता. पाणी वाया जातंय."

सोमवारी आठला दहा कमी असताना मी साइटवर होते. इंजिनिअरने परवाना उजेडात धरला, नंबर वहीत उतरवला आणि विचारलं, "याला दोरा का बांधलाय?" मी म्हटलं, घरच्यांची पद्धत आहे. त्याने मान डोलावली. शिडी चढून मी वर गेले. काचेच्या खोलीत बसल्यावर दोन मिनिटं मी खाली बघायचं टाळलं, कारण इथली क्रेन आमच्या गावच्या क्रेनच्या दुप्पट उंच होती. मग खालून इशारेवाल्याचा आवाज आला, सळ्यांचा पहिला जुडगा आकड्याला लागला, आणि मी तो उचलला. दिवसभरात त्रेसष्ट वेळा उचललं. एकदाही ओझं हेलकावलं नाही. सुटीच्या वेळी इंजिनिअर म्हणाला, उद्या या. दुसऱ्या ऑपरेटरला त्याने नको म्हणून कळवलं होतं.

संध्याकाळी घरी परतले तर लाँड्रीच्या काचेतून सासूबाई दिसल्या. मावशींनी त्यांना खुर्ची दिली होती आणि दोघींचा चहा चालला होता. मी दारात पोचले, तेव्हा मावशी विचारत होत्या, "तुमची सून काय करते हो? सकाळी फार लवकर गेली."

सासूबाईंना मी दारात उभी आहे हे दिसलं होतं. कपडे न्यायला आलेली चार माणसंही तिथे होती. त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"ती होय?" त्या म्हणाल्या. "काही नाही हो. अगदीच बिनकामाची. कुठेतरी जाऊन बसते दिवसभर, आणि येते परत."

एवढं कौतुक माझं माझ्या आईनेही कधी केलं नव्हतं.